शिपिंग बिलातलं एक शून्य आणि अडकलेला रिफंड: कस्टम्स ऑनलाइन झाल्यावर लहान निर्यातदारानं काय काय बघावं?

हळदवाली वसमत (रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आमचं वसमतला हळद पावडरीचं छोटं युनिट आहे. बाबांनी आयुष्यभर मोंढ्यात हळकुंडं विकली. मी तीन वर्षांपासून पॅकिंग आणि बाहेरचा व्यवहार बघते. मागच्या हंगामात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर वीस फुटी कंटेनर दुबईला पाठवला, २५ किलोच्या ७२० गोण्या. आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) घरबसल्या काढला, स्पायसेस बोर्डाची नोंदणी ऑनलाइन, निर्यातीचे पैसे येणाऱ्या बँकेचा एडी कोड आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर चढवला, फायटोचा (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याचा) अर्जही ऑनलाइन. माल न्हावा शेव्याहून निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "एकदाही मुंबईला जावं लागलं नाही गं." मलाही त्याचंच कौतुक वाटत होतं.

नवीन पल्व्हरायझरवरचं (दळायच्या यंत्रावरचं) जीएसटी क्रेडिट पडून होतं, म्हणून सीए म्हणाले की एलयूटीवर (कर न भरता पाठवायच्या हमीपत्रावर) न पाठवता आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) भरून पाठवा, रिफंड आपोआप खात्यात येतो. ५ टक्क्यांनी एक लाख बासष्ट हजार भरले. चार महिने झाले तरी बँकेत काही नाही. शेवटी मी स्वतः आइसगेटवर लॉगिन केलं. आयजीएसटीच्या स्टेटसमध्ये आमच्या शिपिंग बिलापुढं (निर्यातीसाठी कस्टम्सला दिलेल्या घोषणेपुढं) 'एसबी००५' एवढंच लिहिलेलं. आमच्या सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) फोन केला तर ते म्हणाले हे जीएसटीचं काम, सीए म्हणाले हे कस्टम्सचं काम.

आमच्यासाठी एवढी रक्कम लहान नाही. पुढच्या कच्च्या मालाचे पैसे त्यातच आहेत. हे काय असतं, कुणाला माहीत आहे का?

जुना डॉकवाला (रात्री १०.१५)

ताई, मी मूळचा परतूरचा. तीस वर्षं न्हावा शेव्याला सीएचएकडं काम केलं, आता गावाकडं असतो. घाबरू नका, पैसे कुठं जात नाहीत.

एसबी००५ म्हणजे शिपिंग बिलातला इन्व्हॉइस नंबर आणि तुमच्या जीएसटीआर-१ च्या (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राच्या) तक्ता ६ए मधला इन्व्हॉइस नंबर जुळत नाही. जीएसटीत निर्यातीचा वेगळा रिफंड अर्ज करावा लागत नाही, शिपिंग बिलालाच अर्ज मानतात (नियम ९६). जीएसटीची प्रणाली तुमचा तपशील कस्टम्सच्या प्रणालीला पाठवते आणि तिथं मशीन तो ताडून बघते. जीएसटीआयएन, शिपिंग बिलाचा नंबर आणि तारीख, पोर्ट कोड, इन्व्हॉइस नंबर. आधी माणूस बघायचा. त्याला कळायचं की दोन्ही बिलं एकच आहेत. मशीन अक्षराला अक्षर लावते. एक तिरकी रेघ किंवा एक शून्य कमी-जास्त असलं तरी जुळत नाही.

तीन कागद समोर ठेवा: छापलेलं इन्व्हॉइस, शिपिंग बिलाची पीडीएफ आणि जीएसटीआर-१. मग इथं सांगा.

हळदवाली वसमत (रात्री ११.०५)

काका, सापडलं.

इन्व्हॉइसवर 'ईएक्सपी/०७' आहे, शिपिंग बिलातही 'ईएक्सपी/०७'. जीएसटीआर-१ मध्ये 'ईएक्सपी/७'. ती नोंद मीच हातानं केली होती, महिनाअखेरच्या गडबडीत. एका शून्यासाठी चार महिने. आता काय करू?

जुना डॉकवाला (रात्री ११.२०)

चूक जीएसटीच्या बाजूला आहे हे बरं झालं. पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता ९ए असतो, आधीच्या निर्यात बिलांच्या दुरुस्तीचा. मूळ नंबर दाखवून त्यापुढं बरोबर नंबर टाका. तपशील पुन्हा कस्टम्सकडं जाईल, जुळला की स्टेटस बदलेल.

चूक शिपिंग बिलात असती तर जास्त हिंडावं लागलं असतं. एकदा लेट एक्सपोर्ट ऑर्डर (माल बाहेर पाठवायची कस्टम्सची परवानगी) मिळाली की शिपिंग बिलातला इन्व्हॉइस नंबर तुमच्या मनानं बदलता येत नाही. मग दोन्ही नंबरांचा ताळमेळ दाखवणारा तक्ता देऊन अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो.

आता एक विचारतो, रागवू नका. शिपिंग बिल दाखल करण्याआधी तुमच्या सीएचएनं चेकलिस्ट पाठवली होती ना? ती कुणी वाचली?

हळदवाली वसमत (रात्री ११.२८)

आली होती, मोबाइलवर पीडीएफ. मी 'ओके' लिहून परत पाठवली. खरं सांगते, उघडली, वरचं नाव आणि रक्कम बघितली आणि बंद केली. गोण्या भरायचं काम चालू होतं.

वाळूजचा पार्ट्सवाला (सकाळी ७.५०)

ताई, इथले निम्मे लोक तेच करतात. आमचं वाळूजला मशीन केलेल्या सुट्या भागांचं काम आहे. आम्ही आयातही करतो आणि निर्यातही, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

चेकलिस्ट म्हणजे तुमच्या शिपिंग बिलाचा कच्चा मसुदा. तुम्ही 'ओके' म्हटलं की तोच मसुदा आइसगेटमधून कस्टम्सच्या प्रणालीत जातो, नंबर पडतो, आणि त्यात लिहिलेला प्रत्येक शब्द तुमचा जबाब ठरतो. २०११ पासून कायद्यातच स्वयंनिर्धारण आलं. मालाचं वर्गीकरण, किंमत, सवलतीचा दावा, सगळं आयातदार-निर्यातदारानं स्वतः सांगायचं. कस्टम्स त्यातून निवडक बिलं तपासतं. कुठलं तपासायचं ते जोखीम बघून संगणकच सुचवतो. आयातीत ही पद्धत २००५ पासून आहे, निर्यातीत २०१३ पासून.

आम्हाला चटका बसला तो रोडटेपचा. १ जानेवारी २०२१ पासून ही योजना आहे, निर्यात मालात मुरलेले छोटे-मोठे कर परत मिळतात, आइसगेटच्या खात्यात क्रेडिट म्हणून. पण शिपिंग बिलात प्रत्येक वस्तूपुढं 'रोडटेप वाय' असा दावा लिहावा लागतो. आमच्या चेकलिस्टमध्ये तिथं 'एन' पडलं होतं. कुणी बघितलं नाही. चार कंटेनर तसेच गेले. माल पात्र होता, दर ठरलेला होता, फक्त मागितलं नाही म्हणून मिळालं नाही. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे: चेकलिस्ट दोघं वाचतात, एक मोठ्यानं, दुसरा कागदावर बोट ठेवून.

तेरणाकाठ (सकाळी ८.३०)

धाराशिवकडून नमस्कार. आम्ही द्राक्षवाले. युरोपला माल पाठवणाऱ्यांना हे असं मशीनशी बोलणं नवीन नाही. अपेडा या केंद्राच्या शेतीमाल निर्यात प्राधिकरणाचं ग्रेपनेट २००६ पासून आहे. बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेत अंशाची तपासणी, पॅकहाऊस, फायटो, सगळं एका साखळीत. तिकडच्या दुकानातल्या पेटीवरून आमच्या गटापर्यंत माग लागतो. सुरुवातीला आमच्या आबांना हे जाच वाटायचं. २०१० ला एका रसायनाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षं अडली तेव्हा नोंदी ठेवण्याचं मोल गावाला कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की शेतीमालात कस्टम्सचा टप्पा सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या आधीचं कुठलंही प्रमाणपत्र लंगडं असलं तर शिपिंग बिल कितीही ऑनलाइन असो, गाडी उभीच राहणार. आणि उन्हाळ्यात उभ्या गाडीचा अर्थ द्राक्षवाल्याला विचारा. शीत कंटेनर असला तरी जीव टांगणीला लागतो.

कॉमर्सचा मास्तर, नांदेड (सकाळी ११.१०)

धागा वाचून राहवलं नाही. मी हा विषय शिकवतो, म्हणून थोडी मागची हकीकत सांगतो.

जागतिक व्यापार संघटनेत डिसेंबर २०१३ मध्ये बालीला व्यापार सुलभीकरणाचा करार ठरला. भारतानं तो एप्रिल २०१६ मध्ये स्वीकारला आणि २२ फेब्रुवारी २०१७ ला तो लागू झाला. त्याच्या कलम १०.४ मध्ये 'एक खिडकी' आहे: व्यापाऱ्यानं सगळी माहिती एकाच ठिकाणी एकदाच द्यायची आणि संबंधित खात्यांनी ती आपसांत वाटून घ्यायची. सिंगापूरनं हे ट्रेडनेट नावानं १९८९ सालीच करून दाखवलं होतं. आपल्याकडं १ एप्रिल २०१६ पासून 'स्विफ्ट' सुरू झालं. अन्नसुरक्षा, वनस्पती संगरोध, पशु संगरोध, औषध नियंत्रण, वन्यजीव आणि वस्त्रोद्योग समिती, या सहा खात्यांचे प्रश्न बिल ऑफ एंट्रीतच (आयातीच्या घोषणेतच) विचारले जाऊ लागले. पुढं ई-संचित आलं. कागद स्कॅन करून, डिजिटल सहीनं चढवायचे आणि प्रत्येक कागदाला एक संदर्भ क्रमांक. २०२० च्या ऑक्टोबरअखेर आयातीचं चेहराविरहित निर्धारण देशभर झालं. म्हणजे माल न्हावा शेव्याला उतरला तरी तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो.

आमच्या ताईंचा कंटेनर दुबईच्या जबल अली बंदरात उतरला असेल. तिथं त्यांच्या ग्राहकानं दुबई कस्टम्सच्या 'मिरसल २' मध्ये घोषणा भरली असेल. बांगलादेशला हळद गेली तर तिथं 'असिकुडा', ती संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाडनं बनवलेली प्रणाली आहे. म्हणजे एकाच गोणीचं वर्णन दोन देशांच्या दोन संगणकांत बसतं. इकडं पावडर म्हणून ०९१० ३० ३० हा वर्गीकरणाचा कोड लिहिला आणि ग्राहकाच्या कागदात अख्ख्या हळकुंडाचा कोड गेला, तर शंका तिकडं निघते आणि फोन वसमतला येतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो, मूळ देशाचा दाखला, सगळीकडं वर्णन शब्दशः एकच ठेवा.

हळदवाली वसमत (दुपारी १.००)

सर, अगदी खरं आहे. यूएईबरोबरचा सेपा हा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यासाठीच्या मूळ देशाच्या दाखल्यावर मी 'हळद पावडर' लिहिलं होतं आणि इन्व्हॉइसवर 'सेलम हळद पावडर'. ग्राहकानं विचारलं होतं, मला तेव्हा ती किरकोळ गोष्ट वाटली.

मोंढ्यातला माणूस (दुपारी २.३५)

सगळ्यांचं मान्य आहे, पण एक बाजू कुणी मांडेना म्हणून लिहितो. सगळं ऑनलाइन झालं म्हणून लहान माणसाला सोपं झालं, हे मला पटत नाही. पूर्वी चूक झाली तर गाडी गेटवर अडायची, त्याच दिवशी कळायचं. आता गाडी सुरळीत जाते, माल पोचतो, आणि चार महिन्यांनी एक कोड दिसतो. तोही तुम्ही स्वतः लॉगिन करून बघितला तर. कोड म्हणजे काय हे मराठीत कुठंच लिहिलेलं नाही. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा माणूस बसतो. आमच्यासारख्यांकडं दिवाणजी आहे, आणि त्याला गाड्या, हमाली, पट्ट्या हेच पुरून उरतं. मग सीएचए सांगेल ते खरं. रांग गेली, अवलंबून राहणं तसंच आहे.

जुना डॉकवाला (दुपारी ४.१०)

भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे. पण रांग काय होती ते आम्ही बघितलंय. शिपिंग बिलाच्या चार-चार प्रती, कार्बन लावून. फाइल काखेत, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. दुपारी एकला जेवणाची सुट्टी झाली की फाइल तिथंच. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत सही नाही मिळाली तर जहाज चुकायचं, आणि गावाकडच्या व्यापाऱ्याला फोनवर काय सांगायचं हा प्रश्न. तो बिचारा एसटीनं रात्रभर प्रवास करून यायचा आणि इमारतीबाहेर टपरीवर दिवस काढायचा. त्याला आत काय चाललंय हे कधी कळलंच नाही. आज तुम्ही शिपिंग बिलाचा सात आकडी नंबर, तारीख आणि पोर्ट कोड टाकून वसमतला बसून बघू शकता की लेट एक्सपोर्ट झाला की नाही. सीएचएवर विश्वास ठेवा, पण बघायची सोय तुमच्या हातात आली आहे, ती वापरा.

आणि ईजीएम, म्हणजे जहाजानं नेलेल्या मालाची यादी, विसरू नका. जहाज सुटल्यावर शिपिंग लाइन कस्टम्सला कळवते की अमुक शिपिंग बिलाचा माल खरोखर गेला. ते कळवल्याशिवाय रिफंड आणि ड्रॉबॅक (निर्यात मालातल्या कस्टम्स शुल्काचा परतावा) दोन्ही हलत नाहीत. मराठवाड्यातल्यांना हे जास्त महत्त्वाचं, कारण आपल्यातले बरेच जण आयसीडीतून (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून) माल पाठवत आलेत. माळीवाड्याच्या आयसीडीत शिपिंग बिल झालं की माल रेल्वेनं किंवा रस्त्यानं बंदरावर जायचा. तिथं आयसीडीच्या नोंदीबरोबर बंदरावरच्या ईजीएमचीही नोंद लागते. बंदरावरची राहिली तर एसबी००६ पडतो. त्यात व्यापाऱ्याची काहीच चूक नसते, तरी पैसे त्याचेच थांबतात. अशा वेळी शिपिंग लाइनला बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीच्या मालपावतीची) प्रत जोडून मेल करा. फोनवर काम होत नाही, लेखी गेलं की हलतात.

वाळूजचा पार्ट्सवाला (दुपारी ४.४५)

काकांना दुजोरा. आमचे दोन एसबी००६ असेच मेलवर सुटले. कंटेनरवर आता आरएफआयडीचा टॅग असतो, त्यामुळं लॉजिस्टिक्स डेटा बँकेत कंटेनर नंबर टाकला की तो बंदरात कधी शिरला ते दिसतं. तो स्क्रीनशॉट मेलला जोडला की वादच राहत नाही. कारखान्यातच स्वतः सील लावत असाल तर २०१७ पासून त्यालाही इलेक्ट्रॉनिक सील लागतं. शिपिंग बिलात सीलचा नंबर टाकताना आकडे उलटसुलट झाले तर बंदरावर कंटेनर बाजूला काढतात. ड्रायव्हरला सीलचा फोटो काढून पाठवायला सांगा आणि त्यावरून टाका.

पैठणवाली (संध्याकाळी ६.२०)

मी वाचत होते, हे कंटेनरचं जग आमचं नाही. मी हातमागावरच्या पैठण्या विकते, परदेशातल्या मराठी बायकांना, एकेक नग. मलाही आयईसी, शिपिंग बिल हे सगळं लागेल का?

कॉमर्सचा मास्तर, नांदेड (संध्याकाळी ७.००)

ताई, आयईसी काढा. पाचशे रुपये शुल्क आहे आणि पॅन हाच तुमचा नंबर. पण कंटेनरवाल्यांसारखं शिपिंग बिल लागत नाही. २०२२ पासून टपालानं निर्यातीसाठी ऑनलाइन पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट आहे. टपाल खात्याच्या पोर्टलवर घरून भरायचं आणि पार्सल डाकघर निर्यात केंद्रावर द्यायचं. कस्टम्सची तपासणी पुढं परदेशी टपाल कार्यालयात होते, तुम्हाला जावं लागत नाही. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये आयईसीची माहिती अद्ययावत करायला मात्र विसरू नका. काही बदल नसला तरी 'बदल नाही' असं कळवावं लागतं. नाहीतर तो निष्क्रिय होतो आणि नेमका दिवाळीच्या ऑर्डरी असताना लक्षात येतं.

पैठणवाली (संध्याकाळी ७.१२)

सर, मी गेल्या वर्षी जूनमध्ये काहीच केलं नव्हतं. आत्ताच बघते.

पैठणवाली (संध्याकाळी ७.४०)

निष्क्रियच होता. अपडेट केला, चालू झाला. तुमचे फार उपकार आहेत.

मोंढ्यातला माणूस (रात्री ८.०५)

हे बघा, हेच मी म्हणत होतो. कुणी सांगितलं म्हणून ताईंना कळलं. ही माहिती मराठीत, एका जागी, तालुक्याच्या गावी मिळायला पाहिजे. वसमतला हळद संशोधन केंद्र झालंय, तिथं वाण आणि प्रक्रियेबरोबर वर्षातून दोनदा आइसगेट कसं बघायचं हेही शिकवावं. जालन्याच्या ड्रायपोर्टची चर्चा आपण इतकी वर्षं करतोय, पण पोर्ट झालं तरी चेकलिस्ट वाचता येणारी माणसं आपल्याकडंच तयार व्हायला हवीत. मी बाजार समितीत हा विषय मांडतो.

हळदवाली वसमत (सात आठवड्यांनी, रात्री १०.५०)

मंडळी, कळवायचं राहिलं होतं.

तक्ता ९ए मध्ये दुरुस्ती केली. तीन आठवडे आइसगेटवर तोच कोड दिसत होता, मग एका सकाळी 'एसबी०००' झाला. डॉकवाल्या काकांना विचारलं, तर म्हणाले हाच शुभ नंबर. त्यानंतर बाराव्या दिवशी एक लाख बासष्ट हजार खात्यात जमा. बाबांनी मेसेज दोनदा वाचून घेतला.

आज दुसऱ्या कंटेनरची चेकलिस्ट आली, रात्री सव्वानऊला. वाळूजच्या दादांनी सांगितलं तसं केलं. बाबा इन्व्हॉइस मोठ्यानं वाचत होते, मी चेकलिस्टवर बोट ठेवून बघत होते. नाव बरोबर. जीएसटीआयएन बरोबर. इन्व्हॉइस नंबर, बाबांनी मुद्दाम "शून्य, नऊ" असं तोडून वाचलं, बरोबर. वर्णन सगळीकडं एकच. पोर्ट कोड बरोबर. निव्वळ वजन बरोबर. मग वस्तूच्या ओळीत रोडटेपपुढं बघितलं तर 'एन'.

सीएचएला लगेच फोन केला. त्यांनी आधीच्या बिलाची नक्कल करून भरलं होतं, म्हणजे पहिल्या कंटेनरलाही 'एन'च गेलं होतं. त्यांनी दुरुस्त करून दहा मिनिटांत नवीन चेकलिस्ट पाठवली. बाबा म्हणाले, परत पहिल्यापासून वाचू. आत्ता वाचतोय.